इंग्रजी समजतं, पण बोलताना तोंड उघडत नाही? कॉलेजातल्या मुलामुलींसाठी पायरी पायरीने सराव

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी. केमिस्ट्रीच्या पेपरात दोन-दोन पानं इंग्रजीतून लिहिते. प्रॅक्टिकलच्या व्हायवात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला विचारलं, फर्स्ट ऑर्डर रिअ‍ॅक्शनच्या रेट कॉन्स्टंटचं युनिट काय? उत्तर दोन शब्दांचं होतं: पर सेकंद. ती ब्युरेटकडे बघत उभी राहिली आणि शेवटी म्हणाली, "सॉरी सर." बाहेर आल्यावर मैत्रिणीला मात्र तिनं युनिट कसं निघतं ते सगळं घडाघडा सांगितलं.

लातूर असो, बीड असो की परभणी, इंग्रजी शिकवणाऱ्या कुणालाही अशी मुलं दरवर्षी भेटतात. घरचे म्हणतात, इंग्रजी कच्चं आहे, क्लास लाव. मग मुलगी पुन्हा काळ, प्रयोग, वाक्यरूपांतर घोटते आणि पुढच्या व्हायवात पुन्हा गप्प उभी राहते. तिचं व्याकरण कच्चं नव्हतंच. चार माणसं ऐकत असताना इंग्रजी बोलायची सवय तिला कधी लागलेली नव्हती, आणि ही सवय पुस्तकातून लागत नाही. ती थोडी थोडी, ऐकणाऱ्यांची संख्या हळूहळू वाढवत लावावी लागते. ती कशी लावायची, ते इथे क्रमाने सांगतो.

भीती नेमकी कशाची?

1986 मध्ये अमेरिकेत टेक्सास विद्यापीठातल्या एलेन होर्विट्झ, मायकेल होर्विट्झ आणि जोअ‍ॅन कोप यांनी या भीतीवर एक निबंध लिहिला. परकी भाषा वर्गात बोलताना वाटणारी भीती मोजायला त्यांनी 33 विधानांची प्रश्नावली केली. ती आजही जगभर वापरतात. भीतीचे त्यांनी तीन धागे दाखवले: समोरासमोर बोलण्याचा संकोच, परीक्षेची धास्ती आणि लोक आपल्याला नावं ठेवतील ही काळजी. पण मुलांना मी आधी वेगळीच गोष्ट सांगतो. ही प्रश्नावली ज्यांच्यावर वापरली ती स्पॅनिश शिकायला बसलेली अमेरिकन मुलं होती. ज्यांच्या घरात इंग्रजी बोलतात, त्यांनाही दुसऱ्याची भाषा बोलताना घाम फुटत होता. त्यामुळे "आम्ही खेड्यातले, म्हणून आमचं असं" हे डोक्यातून काढून टाका.

येत असलेला शब्द ऐन वेळी गायब का होतो, त्यालाही कारण आहे. बोलताना डोकं एकाच वेळी शब्द शोधतं, त्यांची जुळणी करतं आणि उच्चार सांभाळतं. त्यातच "हे हसतील का, सर काय म्हणतील" हा विचार घुसला की निम्मं लक्ष तिकडे जातं. मग उरलेल्या लक्षात दोन शब्दांचं उत्तरसुद्धा मावत नाही.

आपल्याकडची गाठ

महाराष्ट्रात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 मध्ये. म्हणजे आज कॉलेजात असलेल्या बहुतेकांनी बारा वर्षं इंग्रजी हा विषय घेतलेला आहे. पण तो शिकवला कसा? सर धडा वाचणार, ओळीओळीचा अर्थ मराठीत सांगणार, आपण प्रश्नोत्तरं गाईडमधून उतरवून घेणार. बारा वर्षांत स्वतःचं म्हणून इंग्रजी वाक्य मोठ्यानं बोलायची वेळ किती मुलांवर आली असेल? दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावी सायन्सला एकदम सगळी पुस्तकं इंग्रजी, आणि पदवीला थेट सेमिनार. मधल्या पायऱ्या कुणी बांधल्याच नाहीत.

आता दुसरी बाजू बघा. नांदेड, देगलूर, उदगीरच्या बाजारात उभं राहिलात तर एकच माणूस मराठी, दखनी हिंदी आणि थोडी तेलुगू किंवा कन्नड बोलताना दिसेल. व्याकरणाची त्याला फिकीर नसते, त्याचं लक्ष भावावर असतं. आपणही "मेरेको कल आना नहीं जमेगा" असं बिनदिक्कत म्हणतो. हिंदीच्या शिक्षकांनी ऐकलं तर ते कपाळाला हात लावतील, पण आपल्याला काही वाटत नाही. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि सरकारी शिक्षणाचं माध्यम उर्दू होतं. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ 1918 मध्ये सुरू झालं तेच उर्दू माध्यमातून. घरात मराठी बोलणाऱ्या इथल्या कितीतरी जणांनी गणित-इतिहास उर्दूतून शिकून वकिली केली, शाळा चालवल्या. दुसऱ्याच्या भाषेत वावरणं मराठवाड्याला नवीन नाही. इंग्रजीभोवती मात्र हुशारीचा, जातीचा, पैशाचा आणि शहरीपणाचा शिक्का चिकटला आहे. म्हणून चुकीच्या हिंदीला कुणी हसत नाही आणि चुकीच्या इंग्रजीला वर्ग हसतो. हा शिक्का सरावानं पुसला जाणार नाही, पण त्याचं ओझं नक्की कमी होतं.

आधी आठ दिवस नुसती नोंद

लगेच बोलायला लागू नका. वहीचं शेवटचं पान घ्या. इंग्रजी बोलायची वेळ आली आणि तुम्ही टाळलं, की तीन गोष्टी लिहा: समोर कोण होतं, काय बोलायचं होतं, आणि त्या क्षणी मनात काय आलं. "मंगळवार. बॉटनीच्या मॅडम. रूट मॉडिफिकेशनचं उदाहरण विचारलं. गाजर माहीत होतं, पण अख्खं वाक्य कसं करायचं ते सुचलं नाही." बास, एवढंच.

आठवड्यात पान भरलं की तुमच्या भीतीचा नमुना दिसू लागतो. कुणाला वाक्य जुळवता येत नाही. कुणाला वाक्य येतं, पण उच्चाराची लाज वाटते. कुणाला सर चालतात, पण मागच्या बेंचवरची टोळी चालत नाही. कुणाची फक्त मार्कांच्या ठिकाणी दातखीळ बसते, एरवी तो ठीक असतो. यांतला तुमचा प्रकार कोणता ते एकदा कळलं, की खालच्या कुठल्या पायरीवर जास्त दिवस थांबायचं हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

एकट्यानं तोंड उघडणं

सुरुवात अशा जागी करा जिथे ऐकायला कुणी नाही. रूमवर चौघं असतील तर गच्ची, मैदान, शेतातली वाट, काहीही चालेल. रोज पंधरा मिनिटं पुरतात, पण रोज म्हणजे रोज.

पहिले दोन आठवडे मोठ्यानं वाचा. काय वाचायचं? इंग्रजी पेपरातला अग्रलेख नको. बालभारतीचं सातवी-आठवीचं इंग्रजीचं पुस्तक घ्या. ई-बालभारतीच्या साइटवर ते फुकट मिळतं. त्यातले शब्द तुम्हाला माहीत आहेत, त्यामुळे सगळी मेहनत फक्त जिभेला पडते. कॉलेजातल्या पोरांना आठवीचं पुस्तक हातात घ्यायला लाज वाटते, हे मला माहीत आहे. कव्हर घाला.

मग मागोमाग बोलण्याचा सराव. बीबीसी लर्निंग इंग्लिशचा छोटा कार्यक्रम किंवा आकाशवाणीचं इंग्रजी बातमीपत्र कानाला लावा आणि निवेदकाच्या अर्ध्या शब्दानं मागे राहून त्याच्याबरोबर पुटपुटा. अर्थ सुटला तर सुटू द्या. इथे आपण चाल पकडतोय: वाक्य कुठे चढतं, कुठे उतरतं, दम कुठे घ्यायचा. एसटीनं अप-डाऊन करणाऱ्यांना हा सराव खिडकीशी बसून करता येतो. गाडीच्या आवाजात कुणाला काही ऐकू जात नाही.

तिसरा प्रकार फोनवरचा. कीबोर्डवरचं माइकचं चिन्ह दाबा, भाषा भारतीय इंग्रजी ठेवा आणि बोला. फोन जे टाइप करेल ते वाचा. तुम्ही एक म्हणालात आणि त्यानं भलतंच लिहिलं, तर तिथला उच्चार पुन्हा करून बघा. फोनचं ऐकणं काही अगदी बिनचूक नसतं, पण तो हसत नाही आणि विसाव्या वेळीही वैतागत नाही.

क्रियापद आधी

मराठी माणूस इंग्रजीत अडखळतो त्याची एक मोठी जागा क्रियापदाची आहे. "मी काल परभणीहून देवगिरीनं आलो." आपलं क्रियापद अगदी शेवटी येतं. इंग्रजीत ते कर्त्याला चिकटून लागतं. डोक्यात मराठी वाक्य तयार करून मग ते उलटायला गेलं की माणूस 'आय येस्टरडे परभणी...' इथेच थांबतो.

यावर उपाय म्हणजे वाक्य तोडून बोलायचं. आधी कोण आणि काय केलं. बाकीचं मागून एकेक जोडायचं. आय केम. आय केम फ्रॉम परभणी. आय केम फ्रॉम परभणी बाय ट्रेन. आय केम फ्रॉम परभणी बाय ट्रेन येस्टरडे. रात्री झोपताना दिवसभरातल्या पाच गोष्टी अशाच वाढवत वाढवत म्हणा. आय वेन्ट. आय एट. आय मिस्ड द बस. आय फरगॉट माय आयकार्ड. भूतकाळातली रोजच्या वापराची तीसेक क्रियापदं जिभेवर बसली की निम्मं संभाषण निभावतं. लांब, जोडवाक्यांची इंग्रजी हुशारीची खूण आहे असं आपल्याला शाळेत उगाच वाटायला लावलं. छोटं वाक्य बोला, पूर्णविराम द्या, दुसरं सुरू करा.

अडल्यावर काय म्हणायचं

विहिरीत पोहायला शिकताना पाठीला डबा बांधतात. तो पोहायला शिकवत नाही, बुडू देत नाही एवढंच. इंग्रजीतही असे तयार डबे असतात आणि ते पाठ करायला काहीच हरकत नाही. वेळ हवा असेल तर 'लेट मी थिंक फॉर अ मोमेंट'. प्रश्न कळला नाही तर 'कुड यू प्लीज रिपीट द क्वेश्चन?' वाक्य फसलं तर 'सॉरी, लेट मी से दॅट अगेन.' शब्द सापडला नाही तर 'आय डोन्ट नो द एग्झॅक्ट वर्ड, बट...' व्हायवात उत्तर अर्धंच येत असेल तर 'आय ॲम नॉट शुअर, बट आय थिंक...'

ही पाच वाक्यं झोपेतून उठवलं तरी आली पाहिजेत. गप्प उभं राहण्यापेक्षा यातलं काहीही बरं. परीक्षकाला निदान कळतं की मुलगा विचार करतोय.

'बट' नंतर काय म्हणायचं, त्याचा वेगळा सराव असतो आणि मुलांना तो फार आवडतो. ज्याला इंग्रजीत सरळ शब्द नाही अशी आपल्या घरची वस्तू घ्या आणि तीन प्रश्नांची उत्तरं द्या: ती काय आहे, कुठे किंवा कधी दिसते, तिचं काय करतात. हुरडा घ्या. 'इट इज सॉफ्ट, ग्रीन ज्वारी. वी गेट इट इन विंटर, बिफोर द ग्रेन बिकम्स हार्ड. वी रोस्ट इट ऑन फायर अँड ईट इट विथ चटणी.' तीन वाक्यांत हुरडा समोरच्याच्या ताटात पडला. मग कडबा, पोहरा, तिफण, गोधडी, आंबील. दहा वस्तू झाल्या की 'शब्द येत नाही' ही भीती बरीच ओसरते, कारण शब्दाला वळसा घालून पुढे जाण्याची वाट सापडलेली असते.

तिघांचा गट आणि चार-तीन-दोन

आता ऐकणारे हवेत. पण वर्ग नको, तिघं-चौघं पुरेत. सगळे साधारण आपल्याच पातळीचे असावेत. एखादा फाडफाड बोलणारा घेतला की बाकीचे श्रोते होऊन बसतात. जागा कुठलीही चालेल: लायब्ररीच्या पायऱ्या, कॅन्टीनमागचं झाड, हॉस्टेलची मेस रिकामी झाल्यावरचं टेबल. मुलींच्या हॉस्टेलचं गेट लवकर बंद होतं, त्यांनी आतल्या आत गट करावा. एकाच बसनं येणाऱ्यांनी बसमध्येच करावा.

गटाचे नियम आधी ठरवून घ्या. बोलणाऱ्याला मध्येच तोडायचं नाही. अडला तर मराठी शब्द घालून पुढे जायचं, थांबायचं नाही. बोलून झाल्यावर एकानं एकच चूक सांगायची, तीही अर्थ बिघडवणारी. जो हसला त्यानं पुढचं बोलायचं. शेवटचा नियम गमतीचा वाटतो, पण सगळ्यात जास्त कामाला येतो.

मग सराव. न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांनी प्रसार केलेली एक रीत आहे, चार-तीन-दोन. एकच विषय एकाला चार मिनिटांत सांगायचा, तोच दुसऱ्याला तीन मिनिटांत, तोच तिसऱ्याला दोन मिनिटांत. प्रत्येक वेळी ऐकणारा नवा असतो, त्यामुळे पुन्हा सांगायचा कंटाळा येत नाही. काय सांगायचं हे ठरलेलं असतं, त्यामुळे डोकं शब्दांकडे वळतं. आणि वेळ कमी होत जाते, त्यामुळे अं-अं आपोआप गळतं. चार मिनिटं सुरुवातीला डोंगराएवढी वाटतात. मग दोन, दीड आणि एक मिनिटानं सुरू करा.

विषय पुस्तकी नकोत. 'इम्पॉर्टन्स ऑफ डिसिप्लिन'वर कुणालाच काही सांगायचं नसतं. येळवस घ्या: मार्गशीर्ष अमावस्येला शेतात कडब्याची कोप करतात, पांडवांची पूजा होते, भज्जी, उंडे आणि आंबील असते, ओळखीचे-अनोळखी सगळे जेवतात. लातूर-धाराशिवकडच्या मुलाला यावर चार मिनिटं कमी पडतात. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, तेव्हा तुमच्या घरी पाणी कसं भरायचे ते सांगा. सोयाबीनचा भाव पडला तेव्हा घरात काय बोलणं झालं ते सांगा. पैठणच्या मुलीनं पैठणीचा माग सांगावा, खुलताबादच्या मुलानं वेरूळला येणारे टुरिस्ट काय काय विचारतात ते सांगावं. सांगण्यासारखं काही असलं की भाषा ओढली जाते.

मग वर्ग

वर्गातही एकदम उत्तर द्यायला उभे राहू नका. आधी तयार केलेला एक प्रश्न विचारा. घरी लिहा, चारदा मोठ्यानं म्हणा, तास सुरू झाल्यावर पहिल्या दहा मिनिटांत विचारून मोकळे व्हा. 'सर, कुड यू गिव्ह वन मोअर एक्झाम्पल ऑफ धिस?' हा प्रश्न कुठल्याही विषयाला चालतो. पहिल्या दहा मिनिटांतच विचारायचं कारण असं की भीती बोलण्यापेक्षा वाट बघण्यात जास्त वाढते. ओळख करून द्यायची फेरी सुरू झाली आणि आपला नंबर चाळिसावा असला, तर एकोणचाळीस जणांचं इंग्रजी ऐकता ऐकता आपलं पाणी पाणी होतं. जमेल तिथे लवकर बोलून टाका.

पुढच्या आठवड्यात एका वाक्याचं उत्तर, त्यापुढे दोन वाक्यांचं. बसायला दुसरा-तिसरा बेंच घ्या. मागे बसलं की बोलताना सगळा वर्ग वळून बघतो. पुढे बसलं की फक्त सर दिसतात.

सेमिनार आणि व्हायवा

सेमिनार पाठ करू नका. पाठांतरात एक शब्द निसटला की पुढची साखळीच तुटते. पाठ फक्त तीन गोष्टी करायच्या: पहिली दोन वाक्यं, एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर जाण्याची वाक्यं, आणि शेवटचं वाक्य. 'टुडे आय विल टॉक अबाउट ड्रिप इरिगेशन. आय हॅव थ्री पॉइंट्स.' पहिली वीस सेकंदं अशी पाठांतरावर निघून जातात आणि तोवर छातीतली धडधड उतरते. मधला मजकूर चार-तीन-दोननं तयार झालेला असू द्या. स्लाइडवर परिच्छेद चिकटवले की आपण वर्गाकडे पाठ करून ते वाचत बसतो. पाच-सहा शब्दांचे मुद्दे ठेवा. आदल्या दिवशी रिकाम्या वर्गात उभं राहून, मोठ्यानं, घड्याळ लावून दोनदा करा. मनातल्या मनात केलेली तयारी इथे उपयोगाची नाही.

हात गार पडणं, तोंड कोरडं होणं हे होणारच. नाव पुकारायच्या आधी मिनिटभर श्वास सावकाश सोडा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा. त्यानं ठोके खरंच मंदावतात. पाण्याची बाटली जवळ ठेवा. आणखी एक गोष्ट ऐकायला पोरकट वाटेल. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी 2014 मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. भाषणाआधी "मी शांत आहे" असं स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा "मी एक्सायटेड आहे" असं म्हणणाऱ्यांचं भाषण जास्त चांगलं झालं. घाबरल्यावर आणि उत्साह आल्यावर छाती सारखीच धडधडते. तिला जबरदस्तीनं शांत करण्यापेक्षा तिचं नाव बदलणं सोपं जातं.

व्हायवासाठी प्रयोगवहीतल्या प्रत्येक प्रयोगाचे पाच प्रश्न काढा: उद्देश काय, तत्त्व कोणतं, हे रसायन किंवा उपकरण का वापरलं, युनिट काय, चूक कुठे होऊ शकते. जोडीदारानं उलटसुलट विचारायचे आणि उत्तर एका वाक्यात द्यायचं. एका शब्दात दिलं तरी चालेल. व्हायवात 'पर सेकंद, सर' हे पूर्ण उत्तर आहे.

उच्चारांचं काय?

आपले ट आणि ड जिभेचं टोक वळवून येतात, इंग्रजांचे तसे येत नाहीत. त्यामुळे काही बिघडत नाही. अ‍ॅक्सेंट बदलायच्या फंदात पडू नका. चार गोष्टी मात्र सुधारून घ्या, कारण त्यांनी अर्थ बिघडतो.

'वेल' आणि 'व्हेरी' यांतला व वेगळा आहे. पहिल्याला ओठ गोल होतात, दुसऱ्याला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. 'फॅन', 'कॉफी' यांतल्या फ लाही दात ओठाला टेकतात, 'फळ' मधल्यासारखे ओठ मिटत नाहीत. 'झीरो', 'झू' म्हणताना 'झाड'चा झ नको. 'स' म्हणत राहा आणि मध्येच घशातून आवाज काढा, तो उच्चार येईल. आणि 'इस्कूल', 'इस्टेशन' मधला सुरुवातीचा इ गाळा.

याहून महत्त्वाचा आहे जोर. मराठीत आपण सगळी अक्षरं जवळपास सारख्या वजनानं बोलतो, इंग्रजीत एका अक्षरावर जोर पडतो. डेव्हलपमध्ये मधल्या भागावर, हॉटेलमध्ये 'टेल'वर, कमिटीमध्ये 'मि'वर. नवा शब्द शिकताना डिक्शनरीच्या ॲपमधलं स्पीकरचं चिन्ह दाबून ऐकाच. स्पेलिंगवरून उच्चार ठरवायला गेलं तर फसगत होते: 'डेट' म्हणजे कर्ज आणि 'रिसीट' म्हणजे पावती, यांत लिहिलेला एक बी आणि एक पी मुळीच उच्चारत नाहीत.

हसणारे

चुकीला हसणारे आणि प्रयत्नाला हसणारे, असे दोन वेगळे लोक असतात. कॉर्नेल विद्यापीठात टॉम गिलोव्हिच आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. मुलांना लाजिरवाणा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं आणि विचारलं, किती जणांनी पाहिलं असेल? त्यांना वाटलं, निम्म्यांनी तरी. प्रत्यक्षात साधारण पाव जणांच्याच लक्षात आलं होतं. 'ही डोन्ट' म्हणालात की 'ही डझन्ट', हे वर्गातल्या बहुतेकांच्या कानावरून निघून जातं. त्यांना आपल्या नंबराची चिंता असते.

प्रयत्नाला हसणारा मात्र जवळचा असतो. "लई साहेब झालास रे!", "आता गावात बी इंग्रजी झाडतो का?" हे टोमणे मित्रच मारतात, आणि चुकीला हसण्यापेक्षा ते जास्त लागतात, कारण त्यांत 'तू आपल्यातला राहिला नाहीस' असा सूर असतो. वाद घालू नका. "सेमिनारचे मार्क आहेत भो, तू बी ये," म्हणा. त्यातला एखादा खरंच येतो. मुलींच्या वाट्याला हे जास्त येतं, घरातूनही येतं. त्यांच्यासाठी बंद दाराआडचा गट मला अजून तरी सगळ्यात बरा वाटतो.

क्लास लावावा का?

'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी'च्या पाट्या प्रत्येक जिल्ह्याच्या गावी आहेत. पैसे भरण्याआधी एकच विचारा: तासाला वर्गात किती मुलं असतात आणि त्यातला मी किती वेळ बोलणार? तासाला चाळीस मुलं असली आणि सर अर्धा तास बोलले, तर तुमच्या वाट्याला मिनिटसुद्धा येत नाही. फुकटातला तिघांचा गट याहून कितीतरी पुढे आहे. दहा-बारा मुलांचा, रोज बोलायला लावणारा वर्ग मिळाला तर जरूर लावा.

शिक्षक हे वाचत असतील तर दोन शब्द. प्रश्न विचारल्यावर थांबा. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात असं दिसलं. ते तीन सेकंद थांबू लागले तसं मुलांची उत्तरं लांबली आणि गप्प बसणं कमी झालं. इंग्रजीतून बोलणाऱ्या मुलाला त्याहून जास्त लागतात. आधी शेजाऱ्याशी बोलायला द्या, मग उभं करा. आणि चूक सगळ्यांसमोर दुरुस्त करण्याऐवजी तेच वाक्य बरोबर करून आपण पुढे बोला, कानाला कळतं.

भीती याहून मोठी असेल तर, म्हणजे सेमिनारच्या धास्तीनं कॉलेज बुडत असेल, झोप उडाली असेल, मराठीतूनही चारचौघांत बोलवत नसेल, तर हा इंग्रजीचा प्रश्न राहिलेला नाही. सरकारची टेलि-मानस ही हेल्पलाइन आहे, नंबर 14416. फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीतून बोलता येतं.

मुलाखतीपर्यंत

पहिल्या आठवड्यात एक मिनिट स्वतःबद्दल बोलून रेकॉर्ड करून ठेवा आणि ते ऐकू नका. महिन्यानं त्याच विषयावर पुन्हा रेकॉर्ड करा, मग दोन्ही लागोपाठ ऐका. अं-अं किती कमी झालं, वाक्यं अर्धवट किती सुटली, एवढंच मोजा. व्याकरण मोजू नका, ते सावकाश येतं.

याच एका मिनिटातून पुढे मुलाखतीचं उत्तर तयार होतं. 'मायसेल्फ अमुक तमुक' नं सुरुवात करायची आपल्याकडे पद्धत पडली आहे, ती सोडा. 'आय ॲम' म्हणा आणि नाव सांगा. मग गाव, पण नुसतं नाव नको, गावाची एक खूण द्या: 'आय ॲम फ्रॉम अ व्हिलेज निअर अंबाजोगाई. माय फॅमिली ग्रोज सोयाबीन.' मग शिक्षण: 'आय डिड माय बीएस्सी' म्हणा, 'आय डन' नको. मग केलेलं एखादं काम, प्रोजेक्ट, एनएसएसचा कॅम्प, दुकानात घातलेली सुट्टी, जे खरं असेल ते. शेवटी ही नोकरी का हवी ते एका वाक्यात. पाच-सहा वाक्यं होतात. तुमच्या खुणेवरूनच पुढचा प्रश्न येण्याची शक्यता असते. म्हणून सोयाबीन म्हणालात तर सोयाबीनवर तीन वाक्यं तयार ठेवा.

आणि मुलाखत कुठल्या भाषेत आहे ते आधी विचारून घ्या. यूपीएससीची मुलाखतसुद्धा मराठीतून देता येते, पण ते अर्ज भरतानाच ठरवावं लागतं. कंपनीत इंग्रजीत अडलात तर 'मे आय एक्सप्लेन धिस पार्ट इन हिंदी?' असं इंग्रजीतूनच विचारा. बऱ्याच ठिकाणी हो म्हणतात.